सगळीकडं पाच

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी, चहा झाल्यावर

भावनाने ही डायरी आणून दिली. म्हणे, आजी, दिवसभर बोलतेस ते यात लिहीत जा, आबाजीचे कान वाचतील. आबाजी म्हंजे आमचे हे, पुंजाजी. एसटीत ड्रायव्हर होते, अमरावती-अकोला गाडी चालवायचे. आता रिटायर होऊन मलेच हॉर्न देत राहतात. मी चौथीपर्यंत शिकली, पण अक्षर मोत्यावाणी आहे. हे लिहिणं कोणाले दाखवायचं नाही. माह्यं मले.

ठराव: रोज लिहीन. चहात साखर अर्धी. सुमीपासून चिनी शिकीन, रोज पाच शब्द.

सुमी म्हंजे वरच्या खोलीतली पोरगी. खरं नाव शाओमे. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, सुमी चालते का? ती हसली. झालं. भावना ज्या चिनी कंपनीत काम करते तिथंच ही हिशेब पाहते. कंपनी डाळ निवडायच्या मशीन विकते. गिऱ्हाईक सगळं अकोल्याच्या दालमिलांत, पण ऑफिस इथं, बडनेरा रोडवर. ऑफिसात माणसं चारच. हान मॅडम सगळ्यात मोठ्या, मग सुमी, मशीन दुरुस्त करणारा वांग, अन् आमची भावना.

आज हान मॅडम घरी आल्या होत्या. पोहे खाल्ले, दोनदा घेतले. त्या फोनमध्ये चिनीत बोलतात अन् फोन मराठीत बोलतो, पुण्याच्या बाईसारखा. फोन म्हणाला की वर्षात दोन जणांनी नोकरी सोडली. आता अजून एक जरी गेला तं चीनचं मोठं ऑफिस म्हणेल, अमरावतीत माणसं टिकत नाहीत, अकोल्याले हलवा.

माह्या हातातला कप तिथंच राहिला. ऑफिस अकोल्याले गेलं तं भावनाही जाईल. माह्यं पोरगं ललित अन् सून रागिणी अकोल्यातच राहतात, जठारपेठेत. त्यांची ही पोरगी आमच्यापाशी राहते ती फक्त या नोकरीपायी. अन् रागिणी तं टपूनच बसली आहे.

जाताना मॅडम म्हणाल्या, तुमच्यासारखी आजी असल्यावर कोण सोडून जाईल? मी तेव्हाच समजली. जबाबदारी माह्यावर टाकली बाईनं. हे म्हणाले, अवं, पोहे खाऊन जाताना पाहुणी असंच बोलत असते. यांना ऑफिसातलं काय समजते, जन्म स्टेअरिंगवर गेला.

मोठा ठराव: वर्षावास संपेपर्यंत, म्हंजे आश्विन पौर्णिमेपर्यंत, ऑफिसातून एकही माणूस हलणार नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

रोज लिहायचं राहिलं. चष्मा सापडत नोता. डोक्यावर होता.

सुमीले विहारात नेलं. चीनची पोरगी, म्हंजे बुद्धाच्या घरचीच, मले वाटलं वंदना तिले तोंडपाठ असेल. ती चुपचाप मांडी घालून बसली, माह्याकडं पाहून पाहून हात जोडले, अन् बाहेर आल्यावर सांगतलं की विहारात ती आज पहिल्यांदा आली. घरी कोणी जात नाही, फक्त तिची आजी कधी कधी उदबत्ती लावते. मी म्हटलं, अवं माय, आमी इतक्या दुरून मानतो अन् तुमी जवळ असून? हे म्हणाले, उलटं काहून सांगतेस, तथागत आपल्याकडचे. दूर तिले पडते.

पण सगळ्या बायांना तिनं जयभीम घातला, तो मात्र ठणठणीत. विहारातली सीमा म्हणाली, मनकर्णाबाई, तुमची सून शोभते. मी नाही म्हटलं नाही.

चिनी शब्द आतापर्यंत एक. नी हाव. म्हंजे कसं काय.

साखर अर्धीच घेते. कप दोन घेते.

३ सप्टेंबर, बुधवार

आज मी ऑफिसचं फार मोठं काम केलं.

चीनहून सगळ्यांच्या मोबाईलवर प्रश्न आले. नोकरीत समाधान आहे का? कंपनीचे विचार अन् तुमचे विचार जुळतात का? दुसरीकडं जास्त पगार भेटला तं जाल का? उत्तर एक ते पाच. एक म्हंजे बेकार, पाच म्हंजे फसकलास. सुमी जेवायच्या टेबलावर मोबाईल घेऊन कपाळाले आठ्या घालून बसली. डोकावून पाहिलं तं कुठं दोन, कुठं तीन. असे दोन-तीन पाहून चीनवाले अमरावती बंदच करतील ना!

मी सुमी अन् भावना, दोघींना समोर बसवलं. सांगतलं, पाहा पोरींनो, कोणी विचारलं कसं आहे, तं बरं आहे म्हणावं. कोणाच्या घरी जेवलो अन् भाजीत मीठ जास्त असलं तं तोंडावर सांगतो का आपण? सांगत नाही. वरून अजून वाढा म्हणतो. सगळीकडं पाच लिवा.

सुमी आता आपल्यासारखंच बोलते. म्हणे, पण आजी, मले तं रविवारी बी काम पडते. मी म्हटलं, पाच.

हे पेपरामागून बोलले, अन् मुसावादा? पंचशीलात चौथं काय आहे? रोज सकाळी म्हणतेस. मी म्हटलं, ते खोटं बोलण्यासाठी आहे. हा पाहुणचार आहे. यावर यांना काही बोलता आलं नाही. (मग कळलं, कानाचं मशीन काढून ठेवलं होतं.)

खाली मनातलं लिहायले जागा होती. भावनाले सांगतलं, लिव, कंपनी माझं घर आहे, मी हिला कधीच सोडून जाणार नाही. ती खूप हसली. म्हणे, आजी, हे वाक्य कंपनीसाठी आहे का तुह्यासाठी? मी म्हटलं, तू लिव. लिहिलं. वांगलेही फोन करून पाच लिहायले लावलं.

झोपायच्या आधी यांना विचारलं, तुमी तं इतके वर्षं एकाच डेपोत निष्ठेनं नोकरी केली. हे म्हणाले, निष्ठा कायची? दुसरं कोणी घेतच नोतं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

अकोल्याले जाऊन आली. सुमीले दालमिलमध्ये काम होतं, कंपनीची गाडी होती, मी बसली. म्हटलं कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवणं होईल.

मशीन पाहिली. वरून तुरीची डाळ पाण्यासारखी पडते, मधे कॅमेरे, काळा दाणा दिसला की बारीक हवा येते, फुस्स, दाणा बाजूले. जन्मभर सूप घेऊन बसली मी, पाठ मोडली, अन् हे फुस्स. मी अंगणातला एक खडा उचलून गुपचूप टाकला. उडाला. अजून एक टाकला. उडाला. मिलचा माणूस म्हणाला, आजी, बस करा आता, मशीन पास झाली.

मनात आलं, ऑफिसात अशी मशीन पाहिजे. ज्याच्या मनात नोकरी सोडायचं आलं, तेवढा विचार फुस्स.

मग रागिणीकडं जेवली. तिनं मधली खोली रंगवून घेतली, गुलाबी. खिडकीले नवे पडदे. मी विचारलं, कोणासाठी वं? म्हणे, असंच आई, उजेड डोळ्यावर येते. मग भाजी वाढता वाढता, आई, ऑफिस इकडं येणार म्हणतात, खरं का? मी म्हटलं, कोण म्हणते? आमच्याकडं सगळीकडं पाच आहेत. तिले समजलं नाही. बरं झालं.

पडदे चांगले आहेत. कापड मात्र हलकं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सुमी दोन दिवस नीट जेवत नोती. मी ठरवलं, आज असं काही करायचं की पोरीनं पुन्हा चीनचं नाव काढू नये. वरणफळं केली. कणकेच्या पातळ पोळ्या लाटल्या, चौकोनी कापल्या, फोडणीच्या वरणात सोडल्या. वरून तूप.

पहिला घास घेतला अन् पोरगी रडायलेच लागली! खाते अन् रडते, रडते अन् खाते. मग फोनमध्ये बोलली. फोन म्हणाला, माझी आजी अगदी असेच कणकेचे तुकडे रश्श्यात शिजवते. लहानपणी मी तिच्याचजवळ वाढले.

मी जिंकली. यालेच म्हणतात समाधान. हे म्हणाले, पोट्टी रडून राहिली अन् तू खूश? मी म्हटलं, समाधानानं बी माणूस रडते.

ठराव: आठवड्यातून दोनदा वरणफळं.

साखरेचा ठराव सध्या बंद. इतकी मोठी जबाबदारी अन् फिका चहा, दोन्ही होत नाही.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

चार वेळा वरणफळं केली. आज सुमीनं राजीनामा दिला.

भावनाने घरी येऊन सांगतलं. चीनच्या ऑफिसनं उत्तरं पाहिली. सगळ्यांचं सगळीकडं पाच! ते म्हणाले, वा, अमरावतीचे लोक इतके सुखात असतील तं घरापासून दूर राहायचा भत्ता कायले पाहिजे? बंद केला. वांग अकोल्यातून फोनवर ओरडला, ते चिनीत होतं पण मले सगळं समजलं. सुमी म्हणते, भत्ता तं गेलाच, पण ती वरणफळं खाल्ल्यापासून मले माह्यी आजीच दिसून राहिली. मले घरी जायचं आहे.

भावनाने माह्याकडं पाहिलं. हे पेपर खाली करून पाहून राहिले होते. मी दोघांकडंही पाहिलं नाही.

आता यात माह्यी चूक नाही. चूक चीनवाल्यांची. जेवण चांगलं झालं म्हटल्यावर कोणी बाई समोरचं ताट ओढून घेते का? ती तं अजून वाढते. या लोकांना पाहुणचाराची रीतच माहीत नाही.

रागिणीचा फोन आला, सहज. उचलला नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

ऑटो करून स्वतः ऑफिसात गेली. हे म्हणाले, तुले कोण विचारते तिथं? मी म्हटलं, जाऊन पाहते कोण विचारते ते.

मॅडमचा फोन चार्जिंगले होता, म्हंजे पुण्याची बाई मधात नोती. त्यांची हिंदी अन् माह्यी हिंदी, चाललं. मी म्हटलं, मॅडम, राजीनामा मत लो, छुट्टी दो. बच्ची को उसकी आजी के पास भेजो. वापस आयेगी, मेरी गॅरंटी. त्या म्हणाल्या, नियम नाही. मी विचारलं, आप कब गये थे घर? त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. म्हणाल्या, तीन साल. घरी आई आहे, म्हणे.

मी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. वरणफळं होती. त्यांनी दोन घास खाल्ले अन् डोळे पुसले. तेव्हा माह्या लक्षात आलं की मी हे काय करून बसली! ही बाई बी राजीनामा देईल! डबा मी झटकन बंद केला. म्हटलं, थंडी हो गयी.

सुमीचा राजीनामा मॅडमनी टेबलाच्या खणात टाकला अन् पंधरा दिवस सुट्टी दिली. भत्त्यासाठी चीनवाल्यांशी भांडते म्हणाल्या. ठराव: मॅडमले वरणफळं कधीच द्यायची नाहीत.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र दिन. विहारात गर्दी. दुपारी सुमी गेली. तिच्या बॅगेत ठेचा, कुरडया, सांडगे, तुरीची डाळ, अन् तिच्या आजीसाठी एक पातळ टाकलं, हिरवं. बॅग बसेना म्हणून तिचे दोन स्वेटर काढून ठेवले. म्हंजे स्वेटरासाठी तरी परत यावं लागेल. असा विचार डोक्यात यायले अनुभव लागते.

गाडी वळली तसे हे म्हणाले, गेली. मी म्हटलं, येते. हे म्हणाले, भरल्या गाडीतून उतरलेलं पॅसेंजर परत चढताना म्या नाही पाहिलं.

भावना वर जाऊन तिची खोली झाडून आली. मी तिले विचारलं, सुमी परत आली नाही तं ऑफिस हलवतील का? म्हणे, हलवू शकतात आजी. मी दुसरा विषय काढला.

६ ऑक्टोबर, सोमवार

पौर्णिमा. वर्षावास संपला. विहारात खीर झाली. माह्या ठरावाप्रमाणे अजून एकही माणूस हललेलं नाही, कारण सुट्टीवरचं माणूस धरत नाहीत.

आज त्यांच्याकडं बी चंद्राचा सण. अख्खं घर एका ठिकाणी जेवते म्हणे. सुमीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या बाजूले तिची आजी, हिरवं पातळ खांद्यावर शालीवाणी घेतलेलं! माह्याएवढीच असेल, दात माह्यापेक्षा जास्त. तिनं वाडगा कॅमेऱ्यासमोर धरला. त्यात खरंच कणकेचे तुकडे. माह्या पोळ्या जास्त पातळ असतात, पण मी बोलली नाही. उलट लय छान म्हटलं.

मग ती हसून काहीतरी बोलली. सुमीनं सांगतलं, आजी म्हणते, आता मी हिले जाऊच देत नाही.

मले काय झालं कोण जाणे. कोणी हसून बोललं की आपण बी हसून बोलावं, तशीच सवय. मी म्हटलं, हो ना बाई, नकाच जाऊ देऊ.

फोन बंद झाल्यावर हे म्हणाले, वा मनकर्णे. तिले तं तूच थांबवून टाकली.

खीर गोड लागली नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आली! सुमी आली! ठरल्या दिवशी, ठरल्या गाडीनं. आल्या आल्या, आजी, भूक लागली. मी यांच्याकडं पाहिलं. यांनी पेपर तोंडासमोर धरला, उलटा.

राजीनामा मॅडमनी फाडून टाकला. भत्ता परत सुरू. माह्यी गॅरंटी खरी ठरली. मॅडम स्वतः पेढे घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, ऑफिस अमरावतीतच राहणार. मी लगेच रागिणीले फोन लावला, सहज.

फोन ठेवून आली तं मॅडम भावनाशी बोलून राहिल्या होत्या. चीनच्या मोठ्या साहेबांनी ती उत्तरं पुन्हा वाचली. पाच तं सगळ्यांचेच होते, पण ते वाक्य एकटीचंच. कंपनी माझं घर आहे, मी हिला कधीच सोडून जाणार नाही. साहेब म्हणाले, इतकी निष्ठा आजकाल आमच्याकडं बी भेटत नाही. पोरीले एक वर्ष इकडं चीनमध्ये ट्रेनिंगले पाठवा, परत आल्यावर अमरावती ऑफिसची मोठी मॅडम करू. तोपर्यंत तिचं काम सुमी पाहील. मोठं ऑफिस सुमीच्याच गावात आहे. भावनाची राहायची सोय सुमीच्या आजीकडं.

भावना उभीच राहिली. डोळे असे चमकले जसे लहानपणी आनंदमेळ्यात चमकायचे. मग माह्यापाशी आली, माह्ये दोन्ही हात धरले. आजी, जाऊ का? तुले चालेल ना?

मी म्हटलं, जा ना माय. मले बरंच वाटेल.

हे पेढा खाता खाता थांबले. फक्त चार बोटं वर केली. चौथं शील.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज भावना गेली. बेलोऱ्याच्या विमानतळावरून विमान मुंबईले, तिथून पुढं. ललित-रागिणी अकोल्याहून आले होते. मी अन् रागिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, लग्नानंतर पहिल्यांदाच. ती म्हणे, आई, ते पडदे कोणासाठी ठेवू आता? मी म्हटलं, मी येते राहायले. ती रडायची थांबली.

आत जायच्या आधी भावनाले बाजूले घेतलं. कानात सांगतलं, तिकडं कोणी विचारलं, समाधान आहे का, जेवण कसं आहे, राहता का अजून, तं सगळीकडं एक लिव.

ती इतकी हसली की पोलिसानं वळून पाहिलं.

ठराव: आजपासून रडायचं नाही. चहात साखर घ्यायची.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळ

व्हिडिओ कॉल आला. भावना त्या आजीच्या टेबलावर बसली होती, समोर वाडगा. ती आजी मागं उभी राहून अजून वाढत होती, पोरगी हातानं नको नको करून राहिली होती, ती वाढतच होती. मी विचारलं, कसं आहे माय तिकडं? बरं आहे ना?

भावनाने हात वर केला. पाचही बोटं.

मी बी हसली. लय छान म्हटलं. फोन बंद झाला.

आता मले समजत नाही. खरंच पाच असतील, का मले बरं वाटावं म्हणून पाच? तिले तं मीच शिकवलं होतं.

रात्रीच्या जेवणाले वरणफळं केली. घाईत डाळ निवडायची राहिली. पहिल्याच घासाले माह्या दाताखाली खडा आला, कर्रकन. यांच्या बी आला, यांनी कानाचं मशीन काढून ठेवलं होतं तरी तो यांना ऐकू आला. सुमीनं मान खाली घालून चावलं, थांबली, चावलं, गिळलं.

मी विचारलं, कशी झाली सुमे?

ती म्हणाली, पाच, आजी. अजून वाढ.